डिसेंबरातच शिकवायचा धडा

आमच्या बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात नाताळची एक गोष्ट होती. पुस्तकातल्या क्रमानं ती ऑगस्टात यायची. आमचे सर ती ऑगस्टात शिकवायला साफ नकार द्यायचे. प्राचार्य त्यांना दर वर्षी बोलावून सांगत, "सर, तो धडा सहामाहीच्या पेपरात धरलाय." सर तितक्याच शांतपणे म्हणत, "मग धरू नका. श्रावणात कुणी भोगीची भाजी करतं का?"

प्राचार्यांनी शेवटी सहामाहीच्या पेपरातून तो धडा काढला. सरांशी वाद घालण्यापेक्षा पेपर बदलणं सोपं होतं.

सर मूळचे लोणी भापकरचे. घरची भाजीपाल्याची शेती. बारामतीत खोली करून राहायचे आणि एसटीनं इंदापूरच्या बाजूला, आमच्या शेळगावजवळच्या कॉलेजात शिकवायला यायचे. उभ्या आयुष्यात ते चर्चमध्ये गेलेले नव्हते. ख्रिस्ती माणूस त्यांच्या ओळखीत एकच, बारामतीतला एक शिंपी, आणि तोही त्यांच्याशी फक्त पँटच्या मापाबद्दल बोलायचा. पण नाताळच्या जुन्या इंग्रजी गोष्टींवर सरांचा फार जीव. कुठून कुठून मिळवलेल्या वीसेक गोष्टींच्या झेरॉक्स त्यांनी एका जाड फाइलला टाचून ठेवल्या होत्या. ते म्हणायचे, "या सगळ्या गोष्टींचा सांगाडा एकच. थंडी, एक दिवा, एक येणारं माणूस आणि एक चूक. चूक प्रेमातून झालेली असली की गोष्ट चांगली. नुसत्या मूर्खपणातून झाली की मधल्या सुट्टीत वाचायची."

एक डिसेंबरला ते मरून रंगाचा स्वेटर घालायचे आणि एकतीसला काढायचे. मधे ऊन कितीही तापो. एकदा घामानं निथळत शिकवत होते, तर कुणीतरी म्हणालं, "सर, काढा की." सर म्हणाले, "थंडी हवेत नसली तरी धड्यात हाय."

पेपर तपासताना ते मार्क शेवटी देत. आधी समासात हिरव्या शाईनं प्रश्न लिहीत. 'हे तुला खरंच वाटतं का?' हा त्यांचा आवडता प्रश्न. गाइडातून उतरवलेलं उत्तर असलं की हमखास तो यायचा. माझ्या एका पेपरात तो सात वेळा होता. मी रडवेली होऊन त्यांच्याकडं गेले तर म्हणाले, "सातही ठिकाणी 'नाही' असं लिहून आण, मी मार्क वाढवतो." मी लिहून नेलं. त्यांनी खरंच वाढवले.

पुस्तकातली ती गोष्ट अशी होती. समुद्राकाठच्या एका गावात एक विधवा म्हातारी राहते. तिचा खलाशी मुलगा सात वर्षांनी नाताळच्या रात्री येणार असतो. घरात एकच मेणबत्ती उरलेली. मुलगा येईल तेव्हा घर उजळलेलं असावं म्हणून म्हातारी ती राखून ठेवते आणि अंधारात बसून राहते. मुलगा ठरल्यापेक्षा लवकर येतो. खिडकीत अंधार बघून त्याला वाटतं, आई राहिली नाही. तो दारातूनच परत फिरतो. मध्यरात्री म्हातारी मेणबत्ती लावते. सकाळी दार उघडते तर बर्फात पावलं उमटलेली दिसतात. उंबऱ्यापर्यंत आलेली आणि तिथूनच माघारी गेलेली.

ही गोष्ट सर वर्गात सुरू करत नसत. डिसेंबरातल्या पहिल्या आठवड्यात सकाळी सातच्या तासाला ते आम्हाला इमारतीच्या मागं नेत. तिथं दहापर्यंत ऊन यायचं नाही. कॅनॉलवरून गार वारं यायचं. आम्ही कुडकुडत जमिनीवर बसायचो आणि सर उभ्यानं वाचायचे. कुणी सरकत सरकत उन्हाच्या पट्ट्याकडं निघालं की म्हणायचे, "बस हितंच. जरा गारठलास की म्हातारीजवळ पोचशील."

वाचून झालं की ते विचारत, "या गोष्टीतनं बर्फ काढून टाका. काय उरतं?"

आमच्यातला एकजण म्हणाला, "म्हातारी आन् मेणबत्ती."

"आणि पोरगा येऊन गेला हे म्हातारीला कोण सांगणार?"

मग सरांनीच उत्तर दिलं.

"कुणीच न्हाय. पावलं उमटायला बर्फ लागतो. परीक्षेत 'स्थळ' म्हणून दोन ओळी लिहायच्या असतात म्हणून गोष्टीत स्थळ नसतं. ते राबत असतं. तुमच्या रानातल्या बैलासारखं."

माझी मैत्रीण सुनीता थेट बोलणारी. तिनं विचारलं, "पण सर, पोरानं एकदा दार का न्हाय वाजवलं?"

सरांचा चेहरा असा उजळला की जणू तिनं पेपर फोडला. "हा प्रश्न तुला पडला ना, हीच आयरनी. सगळं आपल्याला दिसतंय आणि आपल्याला मधे पडता येत न्हाय."

आयरनीला मराठी शब्द नाही याचं त्यांना दुःख होतं. म्हणायचे, "उपरोध म्हणजे टोमणा. दैवदुर्विलास म्हणजे रडगाणं. आयरनी दोन्हीच्या मधल्या बांधावर राहते." मग उदाहरणं द्यायचे. नापास झालेल्या पोराला बाप म्हणतो, 'लई हुशार निघालास', ही एक जात. कॅनॉलच्या कडेला राहणाऱ्याच्या घरी प्यायला टँकर येतो, ही दुसरी. आणि तिसरी त्यांच्या सगळ्यात आवडीची. "लग्नात पंगत बसलेली असते. भात संपत आलाय हे आचाऱ्याला म्हाईत, वाढप्यांना म्हाईत, निम्म्या मांडवाला म्हाईत. नवरीचा बाप तेवढा हात जोडून म्हणत फिरतोय, सावकाश होऊ द्या."

तो मराठी शब्द शोधायला त्यांनी वही घातली होती. कंडक्टरला, चहावाल्याला, कुणालाही म्हातारीची गोष्ट सांगून विचारायचे, याला काय म्हणाल? एका रविवारी ते आमच्या पेरूच्या बागेत येऊन उभे राहिले. माझी आई तण काढत होती. तिला त्यांनी बांधावर बसून सगळी गोष्ट सांगितली. आई चौथीपर्यंत शिकलेली. ती म्हणाली, "उफराटं झालं म्हणायचं." सरांनी वहीत तो शब्द लिहिला आणि पुढं आईचं पूर्ण नाव. म्हणाले, "पार जवळ आलात. फक्त यात हसू येत न्हाय." आई म्हणाली, "त्या म्हातारीला तरी कुठं आलं?" सरांनी तेही वहीत लिहून घेतलं.

सरांना ऐकू येत नाही हे आम्हाला ऊसवाहतुकीमुळं कळलं. हंगाम सुरू झाला की कॉलेजसमोरच्या रस्त्यानं ट्रॅक्टर जायचे, मागं दोन-दोन ट्रॉल्या आणि स्पीकरवर कान फाटतील अशी गाणी. बाकीचे शिक्षक मिनिटभर थांबत. सर थांबत नसत. आम्हाला वाटायचं, काय एकाग्रता. मग एक दिवस शेवटच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "सर, बाहेर जाऊ का?" सर मान डोलावून म्हणाले, "अगदी बरोबर. हाच मुद्दा लेखकाला म्हणायचाय."

वर्ग हसला. नंतरचे चार दिवस पोरांनी मजा केली. कुणी काहीही विचारायचं आणि सर काहीतरी तिसरंच बोलायचे. मीही हसत होते. इतकं की घरी जेवताना ते सगळं नक्कल करून सांगितलं. आई हसली. तात्या, म्हणजे माझे वडील, हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "अजिबात ऐकू येत न्हाय?" मी म्हणाले, "ठार." आणि पुन्हा नक्कल करून दाखवली.

पाचव्या दिवशी सुनीता मधल्या सुट्टीत बाकावर उभी राहिली. म्हणाली, "ज्याच्या आज्याला कमी ऐकू येतं त्यानं हात वर करा." निम्म्या वर्गानं केले. "त्याच्याशी घरी असंच बोलता का?" एवढंच बोलून ती खाली बसली.

त्या दिवसापासून आमचा वर्ग बदलला. सरांशी बोलायचं तर उभं राहून, त्यांच्याकडं तोंड करून, शब्द सुटे सुटे करून. मागच्या बाकावरच्यानं विचारलं की पुढच्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, स्वतःचा असल्यासारखा. सर खूश. स्टाफरूममध्ये सांगत सुटले की इतकी स्पष्ट बोलणारी बॅच आपण आयुष्यात पाहिली नाही.

नोव्हेंबर संपता संपता एका संध्याकाळी तात्या जेवताना म्हणाले, "मी संस्थेच्या हापिसात जाऊन आलो. सांगितलं, सर माणूस चांगला हाय, पण पोरांचं बारावीचं वर्ष हाय. सायेब म्हणाले, तपासणी लावतो."

मी विचारलं, "तुमाला कुणी सांगितलं सरांचं?"

"तूच की. हसत हसत सांगितलंस."

तात्यांचा राग करायला मला जागाच नव्हती. त्यांनी माझ्यासाठी केलं होतं. मी म्हणाले, "आता आमी सगळं नीट समजून घेतो, तात्या." ते म्हणाले, "मग बरंच हाय. तपासणीत तसं दिसंल." त्यांच्या दृष्टीनं विषय संपला.

दोन दिवसांनी कॉलेजचे शिपाई मामा आमच्या वर्गात आले. तपासणी अधिकारी येणार, सरांना ऐकू येत नाही असं ठरलं तर वर्ग काढून ग्रंथालयात बसवणार, असं त्यांनी दबक्या आवाजात सांगितलं. सरांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. तक्रार कुणी केली हे मामांना माहीत नव्हतं. सगळा वर्ग तक्रार करणाऱ्याला शिव्या देत होता. मीही मान हलवत होते.

मग आम्ही ठरवलं. साहेबांनी काही विचारलं की पहिल्या बाकावरची सुनीता सरांना दिसेल असं पेन टेबलावर आपटेल. सर तिच्याकडं बघतील, ती तोच प्रश्न पुन्हा विचारेल. गोष्ट म्हातारीचीच होती आणि ती आम्हाला पाठ होती. प्रश्न कुठलाही येवो, उत्तर आम्ही उठून द्यायचं, सरांना बोलायची वेळच येऊ द्यायची नाही. सगळ्यात जास्त धडपड माझी चालली होती. सुनीता म्हणालीसुद्धा, "तुला एवढं काय झालंय?"

साहेब आले ते मागच्या दारानं आले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. सर स्वेटर घालून, आमच्याकडं पाठ करून फळ्यावर लिहीत होते. साहेबांनी वही उघडली आणि बसल्या जागेवरून विचारलं, "सर, या कथेतली आयरनी नेमकी कुठं आहे?"

सर लिहीत राहिले.

सुनीतानं पेन आपटलं. सरांची पाठच होती. तिनं पुन्हा आपटलं. साहेबांनी प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्यानं. तेव्हा आम्ही न ठरवता सगळ्यांनी एकच गोष्ट केली. मागं वळून साहेबांकडं बघितलं.

वाक्य पुरं करून सर वळले. त्यांना आमचे चेहरे दिसले नाहीत. पन्नास डोक्यांच्या मागच्या बाजू दिसल्या आणि त्या सगळ्यांच्या पलीकडं वही उघडून बसलेले साहेब.

सरांनी खडू टेबलावर ठेवला. हात झटकले. "साहेब, तुम्ही काहीतरी विचारलंत. मला ऐकू आलं नाही."

साहेब उठून उभे राहिले. "आत्ताच आलं नाही, की..."

सरांनी त्यांच्या ओठांकडं बघत उत्तर दिलं. "दोन वर्षं झाली. डावा कान गेलाच आहे. उजवा निघालाय." मग आमच्याकडं बघून म्हणाले, "ही मुलं महिनाभर माझ्याशी एकेक शब्द सुटा करून बोलतायत. त्यांना वाटतं, मला पत्ता नाही. आजही त्यांनी काहीतरी ठरवलेलं दिसतंय. माझी काळजी त्यांनी घेतली, ती मी घेऊ दिली. पण माझ्यासाठी तुमच्यासमोर त्यांनी खोटं वागावं, हे मला चालणार नाही."

सुनीताचं पेन तिच्या हातात तसंच होतं.

साहेब सावकाश चालत पुढं आले. सरांच्या समोर उभे राहिले आणि आम्ही बोलायचो तसंच, शब्द सुटे करून म्हणाले, "माझा प्रश्न एवढाच होता, की या कथेतली आयरनी कुठं आहे?"

"ते यांना विचारा," असं म्हणून सरांनी नेमकं माझ्याकडं बोट केलं.

मी उभी राहिले. उत्तर पाठ होतं. इंग्रजीत सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्यालाच ते डोक्यातून गेलं. मी मराठीत म्हणाले, "म्हातारीनं जे पोराच्या भल्यासाठी केलं, त्यामुळंच पोरगा गेला. तिला त्याचं वाईट करायचं नव्हतं." डोळ्यात पाणी आलं. सरांना वाटलं, साहेबांना घाबरली. ते म्हणाले, "बस. बरोबर हाय."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि नमस्कार करून ते गेले. आठवड्याभरानं पत्र आलं, ते मामांनी आम्हाला वाचून दाखवलं. सरांनी ऐकण्याचं यंत्र बसवून घ्यावं आणि वर्ग पुढं चालू ठेवावा. मी घरी तात्यांना सांगितलं. तात्या म्हणाले, "बघ, झालं का न्हाय चांगलं?"

यंत्र लावून सर पहिल्यांदा वर्गात आले तेव्हा अवघडलेले होते. पंख्याकडं बघून म्हणाले, "हा इतकी वर्षं असाच ओरडतोय?" मग मागच्या बाकांकडं वळून म्हणाले, "आणि तुमी मला नाताळ सर म्हणता, हे मला काल जिन्यात कळलं." आम्ही खाली बघितलं. ते म्हणाले, "नाव वाईट न्हाय. पण अकरा महिने काय करायचं?"

पंधरा दिवसांत आम्ही बिघडलो. सरांना ऐकू येतंय म्हटल्यावर बसूनच बोलायला लागलो, तोंडातल्या तोंडात, सगळे एकदम. परीक्षेच्या आधी शेवटच्या तासाला सर म्हणाले, "यंत्र आल्यापासून मला कमी समजतं." आणि खळखळून हसले. वर्गही हसला. ते हसत असतानाच मला वाटत होतं, आत्ता उठावं आणि सांगून टाकावं की तक्रार माझ्या घरातून गेली. घंटा झाली आणि मी दप्तर भरलं.

याला आता बारा वर्षं झाली. मी बारामती एमआयडीसीत दुधाच्या प्रयोगशाळेत काम करते. टँकर आला की नमुना घ्यायचा, फॅट बघायची, भेसळ बघायची. नाताळच्या गोष्टींचा तिथं काही उपयोग नाही. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या लॅबमध्ये एक मुलगी आली, तिचं गाव लोणी भापकर. बोलता बोलता कळलं की सर निवृत्त होऊन गावीच असतात आणि तिच्या घराशेजारीच त्यांचं रान आहे. त्या रविवारी मी स्कूटी काढली.

सर फ्लॉवरच्या वाफ्यात वाकलेले होते. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मी शेळगाव म्हटल्यावर ओळखलं. बांधावर बसलो. रानातल्या घरातून काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, चहा आणला. इकडचं तिकडचं झालं. मग काकू कप घेऊन आत गेल्या आणि मी एका दमात सगळं सांगितलं. नक्कल केली ती, तात्या संस्थेत गेले ते, आणि नंतर गप्प बसले ते.

मला वाटलं होतं, सर म्हणतील, मला माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं. ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. त्यांनी बांधावरचं एक ढेकूळ उचललं आणि हातात चुरलं.

"वाईट वाटलं," ते म्हणाले. "आता इतक्या वर्षांनी वाटायला नको, पण वाटलं."

"व्हय, सर."

"नक्कल चांगली करायचीस का?"

"चांगली व्हायची."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "माझी आई तेव्हा होती. हितंच, या घरात. फार हळू बोलायची. सुट्टीला आलो की ती बोलायची आणि मी नुसता मान हलवायचो. तिला वाटायचं, पोराचं लक्ष न्हाय. मी तिला खरं कधी सांगितलं न्हाय, उगाच काळजी करंल म्हणून. यंत्र बसवून आलो, त्या दिवशी ती विचारत होती, जेवलास का. मी म्हणालो, न्हाय. तर माझ्याकडं बघतच राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला नीट उत्तर मिळालं होतं. पुढं ती सव्वा वर्ष होती. त्या सव्वा वर्षात आमी बोललो."

सर उठले. वाफ्यात शिरून दोन फ्लॉवर निवडून कापले, पानं राखून पिशवीत घातले आणि पिशवी माझ्याकडं दिली. "वडलांना दे. माझं नाव सांगून दे."

संध्याकाळी मी परस्पर शेळगावला गेले. तात्या अंगणात बसले होते. मी पिशवी त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "आमच्या इंग्रजीच्या सरांनी दिलेत. तुमच्यासाठी."

तात्यांनी लगेच हात लावला नाही. "त्यांना म्हाईत हाय?"

"आज सांगितलं."

"मग काय म्हणाले?"

मी एवढंच म्हणाले, "वाईट वाटलं म्हणाले. आणि हे दिलं."

तात्यांनी एक फ्लॉवर बाहेर काढला. शेतकरी बघतो तसा उलटा करून देठ बघितला, वरून बोट फिरवलं. माल कसा आहे हे ते बोलले नाहीत. परत नीट पिशवीत ठेवला. मग आतल्या दाराकडं तोंड करून आईला हाक मारली.

"सकाळी पेरूचा तोडा सुरू झाला की पहिली पाटी बाजूला काढून ठेव," ते म्हणाले. "व्यापाऱ्याला देऊ नको. मला लोणीला जायचंय."